चोचीत काय

बाईंच्या वहीत सहा रकाने असत. दिवस, वेळ, जागा, पक्षी, काय करत होता, आणि सगळ्यात शेवटी 'चोचीत काय'. पहिले पाच कुणीही आखेल. सहावा बाईंचा स्वतःचा. चोचीत काडी असेल तर घरटं बांधायला घेतलंय. अळी किंवा गांडूळ असेल आणि पक्षी ते गिळत नसेल, तर जवळपास कुठंतरी पिल्लं वाट बघतायत. असं दिसलं की बाई कॅमेरा पिशवीत घालायच्या आणि डोंगर उतरायला लागायच्या. मग पक्षी कितीही दुर्मिळ असो, ऊन कितीही छान पडलेलं असो. "चोचीत घास दिसला की आपण घरी," एवढाच नियम. असं का, हे मी एकदाच विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या हातून एकदा झालंय. पुढचं विचारू नका." मी विचारलं नाही.

वही माझ्या अक्षरात आहे. तिच्यात तीन खोट्या नोंदी आहेत, त्याही माझ्याच.

मी गोंदियाकडचा. वडील गेले तेव्हा आठवीत होतो. तिथं शाळा सुटली. लोकांना सांगताना मी 'परिस्थितीमुळं' म्हणतो. खरं म्हणजे गणिताच्या मास्तरांची धास्तीही होती, आणि परिस्थिती आयती सापडली. पुढं ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि चाळिशी जवळ आल्यावर पुण्यात. धायरीत एका खोलीत आम्ही तिघं राहायचो, तिघंही तिकडचेच. बाकीचे दोघं कारखान्यात. मी लोकांच्या गाड्या चालवायचो. गाडी त्यांची, ड्रायव्हर फोन करून बोलावलेला. बायको, मुलं, आई गावाकडं. आई फोनवर रोज एकच विचारायची, "जेवला का बापा?" आणि मी रोज हो म्हणायचो.

स्वभाव भित्रा. हँडब्रेक ओढलाय की नाही ते मी तीनदा बघतो. गाडी लावून चौथ्या मजल्यावर किल्ली द्यायला गेलो, तरी काच उघडी राहिली असेल म्हणून परत खाली येतो. काम जाईल, लायसन जाईल, कुणीतरी 'उद्यापासून येऊ नका' म्हणेल, ही भीती पुण्यात पहिल्या दिवसापासून खिशात होती.

बाईंकडं पहिल्यांदा गेलो तोही असाच. पहाटे पाचला बोलावलं होतं. मी पावणेपाचलाच सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दाराची बेल वाजवली. सत्तरीच्या बाई, पायात बूट, हातात डबा. म्हणाल्या, "पाच म्हणजे पाच. पावणेपाचला पाच म्हणत नाहीत. खाली थांबा." आणि दार लावून घेतलं. बरोबर पाचला खाली आल्या, गाडीत बसल्या आणि विचारलं, "तुम्ही चहा घेतलात का?" मला वाटलं, मागं अजून कुणी आहे. गाडीच्या मालकाकडून 'तुम्ही' ऐकायची सवयच नव्हती.

बाईंनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता आणि तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी डोंगरात पक्ष्यांचे फोटो काढले होते. आता गाडी चालवता येत नव्हती, कारण डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. त्यात मधोमध डाग पडत जातो आणि कडा शाबूत राहतात. समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही, कान दिसतात, असं त्या सांगायच्या. म्हणून कुणाशी बोलताना मान वळवून त्याच्या पलीकडं बघायच्या. नवख्याला वाटायचं, बाई शिष्ट आहेत. तशा त्या थोड्या होत्याही.

हळूहळू माझं काम गाडीपुरतं राहिलं नाही. ट्रायपॉड माझ्या पाठीवर, दुर्बीण माझ्या गळ्यात, बाईंचा उजवा हात माझ्या खांद्यावर. मी बघायचो आणि सांगायचो, "उंबराची दुसरी फांदी, हातभर डावीकडं, आता जरा खाली." बाई कॅमेरा वळवायच्या, बाकीचं यंत्र करायचं. फोटो बाईंचे आणि डोळे माझे, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बोलायचं कुणीच नाही. घरी आल्यावर मी वही लिहायचो. त्या खुर्चीत बसून विचारत जायच्या आणि सहाव्या रकान्याशी आलं की थांबायच्या. "चोचीत काय?" मी सांगायचो. त्यांचा विश्वास बसायचा. दुसरा इलाजही नव्हता त्यांना.

त्या वहीनंच मला पुन्हा लिहायची सवय लावली. गाडीत वाट बघत बसलेला असायचो तेव्हा बाईंनी दहावीची पुस्तकं माझ्या पुढ्यात टाकली. बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. गणितात पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा काठावर सुटलो. मार्कलिस्ट बाईंनी नाकाजवळ धरून तिरकी करून वाचली आणि म्हणाल्या, "भूगोलात एवढेच? माझी लाज काढलीत." मग आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. चहा मीच केला.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढं जे केलं ते वाईट मनानं केलं नाही. पण तसं कोण करतं?

मला एका पक्ष्याची शीळ येते. नवरंगाची. आमच्या गावाकडं पेरणीच्या आधी तो नाल्याच्या झाडीत येतो, पहाटे दोन सुरांत बोलतो, आणि आजोबा म्हणायचे, आला, आता भाताचे पऱ्हे टाकायला घ्या. लहानपणी बांधावर बसून मी त्याला उत्तर द्यायचो आणि तो जवळ यायचा. बाईंबरोबर पहिल्याच मे महिन्यात सिंहगडाच्या बाजूच्या एका उतारावर तो बोलला आणि मी नकळत उत्तर दिलं. बाई गर्रकन वळल्या. "हे कुणी केलं?" मी म्हणालो, मी. "पुन्हा करू नका." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "बरं, एकदा करा."

मग खाली उतरताना त्यांनी समजावून सांगितलं. शीळ ऐकून पक्षी येतो तो आपल्या प्रेमानं नाही. त्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. "अहो, तुमच्या दारात रोज सकाळी कुणी 'हे घर माझं' म्हणून ओरडत उभं राहिलं, तर तुमच्या मुलांना जेवायला कोण वाढेल?" मे महिन्यात, जोडी जमायच्या आत, दिवसातून एकदा चालेल. पाऊस लागल्यावर अजिबात नाही. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे फोटोवाले डोंगरात भेटले की बाई त्यांना त्यांच्या घराचा पत्ता विचारायच्या.

नवरंग त्यांच्याकडं नव्हता. म्हणजे फोटो होते. एकात नुसती पाठ, एकात फांदीची सावली थेट डोळ्यावर, एकात हिरवा धब्बा. इकडच्या डोंगरात तो पावसाळ्यापुरता येतो, गर्द झाडीत जमिनीवर पाला उलटत फिरतो. तीस वर्षांत उजेडात, अख्खा, समोर, असा कधीच बसला नव्हता.

गेल्या वर्षी जूनमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांकडं मी बाईंबरोबर आत गेलो होतो. डॉक्टर चांगले होते, हळू बोलले. पुढचा पावसाळा धरून चालू नका, असं त्यांच्या बोलण्याचं सार होतं. परत येताना स्वारगेटच्या सिग्नलला गाडी अडकली. बाई खिडकीकडं तोंड करून होत्या. मग म्हणाल्या, "नवरंग राहिला." बस्स, दोनच शब्द. सिग्नल सुटला तरी मी गाडी हलवली नाही, मागच्यांनी हॉर्न वाजवले.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच होतं. काम नसेल तेव्हा मी एकटा डोंगरावर जायचो. जुलैत एका घळीत तो सापडला. घळ कुठली ते लिहीत नाही. फोटोवाल्यांत एवढी तरी रीत पाळतात. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "घरटं असेल का?" मी म्हणालो, नुसता बोलतोय, एकटाच आहे. हे तोवर खरं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

पहाटे निघालो. पाऊस थांबला होता, धुकं होतं, पाय घसरत होते. बाईंना तेवढं अंतर चढायला दीड तास लागला. एका सपाट दगडावर ट्रायपॉड उभा केला. बाई म्हणाल्या, शीळ नको, वाट बघू. तासभर बघितली. तो वरच्या बाजूला बोलत राहिला, खाली येईना. बाईंचे हात गारठले होते. मी त्यांच्याकडं बघितलं आणि न विचारता शीळ घातली. त्या काही बोलल्या नाहीत. नाही म्हणाल्या नाहीत, एवढंच मी धरलं.

तिसऱ्या शिळेला तो आला. मैनेहून लहान, आखूड शेपटीचा. हिरवी पाठ, मातकट पिवळं पोट, डोळ्यावरून काळा पट्टा, पंखावर निळा तुकडा, शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखं लाल. पडलेल्या खोडावर उभा राहून चहूकडं बघत होता. मी दुर्बीण लावली. चोचीच्या दोन्ही बाजूंनी गांडुळं लोंबत होती, मिशांसारखी.

बाईंनी सवयीनं विचारलं, "चोचीत काय?"

किती वेळ लागला असेल? एक श्वास. स्वारगेटचा सिग्नल आठवला, असं म्हणायला बरं वाटतं, पण तेव्हा मला काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, "काही नाही बाई. रिकामी आहे."

त्या दिवशीचा फोटो हलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. उजेड नव्हता. नवरंग पुन्हा आला, चोचीत घास तसाच धरून बोलत राहिला. घास धरूनही त्यांना बोलता येतं. पलीकडून मादीही ओरडत होती. पाऊस आला तरी दोघं तिथंच, आमच्याभोवती. मी शीळ घालतच होतो. बाईंनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी थोडा वेळ ऊन पडलं. तो त्याच खोडावर, उजेडात, अख्खा, समोर उभा राहिला. मी म्हणालो, "मधोमध आहे बाई. आता." कॅमेरा खडखडत राहिला. माझे ओठ सुजले होते.

उतरताना बाई दोनदा थांबून म्हणाल्या, "मिळाला हो." घरी गेल्यावर वही लिहिली. तिन्ही दिवसांपुढं, सहाव्या रकान्यात: काही नाही.

चौथ्या दिवशी मी एकटा गेलो. काम दुपारी होतं, चैन पडत नव्हती. खोडापासून पंचवीसएक पावलांवर, करवंदीच्या जाळीत, कमरेएवढ्या उंचीवर काड्यापानांचा मोठा गोळा होता, बाजूनं भोक. तीन दिवस आम्ही त्याच्याजवळ बसलो होतो. मी वाकून आत बघितलं. चार पिल्लं. पंख फुटलेले नव्हते, फक्त निळसर कोंब. अंगं गार, ओली. मुंग्या लागल्या होत्या, डोळ्यांना आधी. घळीत नवरंग बोलत नव्हता. मी शीळ घातली नाही. तोंडावर हात ठेवून उभा राहिलो, चुकून निघेल म्हणून.

दुपारी एका प्रवाशाला विमानतळावर सोडलं. तो म्हणाला, गाणी लावा. लावली.

बाईंना त्यातलं काही सांगितलं नाही. मला वाटायचं, सांगितलं की 'उद्यापासून येऊ नका' येणार. खरं सांगू, पिल्लांपेक्षा ती भीती मोठी होती. दिवसा तरी होती.

मग बाईंना मोठी प्रिंट हवी झाली. खिडकीएवढी. मी फोटो घेऊन प्रिंटच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कॉम्प्युटरवर मोठा केला आणि शीळ घातली, नुसती आपली, माणसाची. मी विचारलं, चोचीतलं तेवढं पुसता येईल का? तो म्हणाला, "गांडुळं काढू? अहो, असा फोटो मिळावा म्हणून लोक जन्म घालवतात. आणि पक्ष्याच्या तोंडचा घास मी कशाला काढू? पाप लागेल." तो हसला. मीही हसलो. प्रिंट होती तशीच घेऊन आलो. मनात म्हटलं, बाईंना मधलं कुठं दिसतंय.

भिंतीवर खिळा मारला, फोटो टांगला. बाई उठून जवळ गेल्या. आधी समोर उभ्या राहिल्या, मग मान वळवली, मग अगदी कडेला जाऊन गाल भिंतीला लागेल इतक्या जवळ. फोटो खिडकीएवढा का हवा होता, ते मला तेव्हा कळलं. एवढ्या मोठ्यात, कडेच्या नजरेनं, त्यांना दिसणार होतं. माझ्या हातात हातोडी होती.

मग त्यांनी विचारलं, "चोचीत काय आहे?"

मी म्हणालो, "गांडुळं."

"वहीत काय आहे?"

"काही नाही, असं."

त्या खुर्चीत बसल्या. मग एकेक विचारत गेल्या, दर रविवारी विचारायच्या त्याच आवाजात. घरटं कुठं होतं. किती लांब. मी परत गेलो होतो का. पिल्लं किती. मी सगळं सांगितलं, मुंग्यांचंही. शेवटी मीच विचारलं, माझ्यामुळंच झालं का? पाऊस होता, थंडी होती, दुसरंही काही झालं असेल.

"ते कुणालाच सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "म्हणूनच नियम होता."

वही आणायला लावली. मी खोडायला गेलो तर म्हणाल्या, खोडू नका, खाली लिहा. मी खाली लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, शीळ त्यांनीही ऐकली होती, पहिल्या दिवशीच थांबवायला हवी होती, तेही लिहा. तेही लिहिलं.

फोटो काढून ठेवू का, असं मी विचारलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मला रोज दिसणार नाही. तुम्हाला दिसेल."

किल्ली टेबलावर ठेवून मी निघालो. जिन्यात आल्यावर कळलं, हातोडी हातातच राहिली. परत जायची हिंमत झाली नाही.

पाच रविवार फोन आला नाही. मी दुसरी कामं केली. खोलीतल्या दोघांना सांगितलं, बाई आजारी आहेत. आई विचारायची जेवला का, तर हो म्हणायचो. सहाव्या आठवड्यात शनिवारी फोन वाजला. "उद्या पाच. पावणेपाच नव्हे. आणि हातोडी आणा."

मी हातोडी नेली. त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. पण डोंगरात बाई काठी टेकत चढायला लागल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवायच्या नाहीत. पाय अडखळला तरी नाही.

यंदा मेअखेरीला बाईंनीच त्या घळीत जायचं म्हटलं. आता त्यांना उजेड आणि अंधार कळतो, कडेकडेचं थोडं. कॅमेरा घेतला नव्हता. त्याच सपाट दगडावर बसलो. कोतवाल बोलला, बुलबुल बोलले. खालून लांबून कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज. बाई मान वळवून ऐकत होत्या. उजाडलं, ऊन दगडावर आलं, दगड तापायला लागला.

"आला नाही," मी म्हणालो.

"मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "लिहा."

मी तिथंच वही काढली. दिवस, वेळ, जागा. नवरंग. ऐकू आला नाही. सहाव्या रकान्याशी येऊन थांबलो आणि विचारलं, इथं काय लिहू?

"पक्षीच नाही तर चोच कुठली? रेघ मारा."

मी रेघ मारली. पेन उमटेना, रेघ दोनदा ओढावी लागली. काय केलं ते वाचून दाखवलं. बाई उठल्या, काठी चाचपली, ती दगडामागं घसरली होती. मी उचलून हातात दिली. त्यांनी ती डाव्या हातात घेतली आणि उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. उतार होता, म्हणून असेल. आम्ही उतरायला लागलो.